दहाव्या घरातला एक

१

रंगीत तालीम म्हणून दगडावरचं कापड सकाळीच काढलं, हे एका परीनं बरं झालं. दुपारी पाहुण्यांच्या हातून ते निघालं असतं, तर सकाळी चारचौघांत जे झालं ते साऱ्या गावासमोर झालं असतं.

पोरं रांगेत उभी होती. मुख्याध्यापिका राजेश्रीबाईंनी छडी दगडावर टेकवली आणि पोरांनी एका सुरात संख्या म्हणायला सुरुवात केली. "तीन, सहा, शून्य, आठ, पाच!" पहिली ओळ संपली. "दोन, आठ, आठ, पाच, शून्य!"

छडी थांबली. पोरांचा सूरही फाटला. छडीच्या टोकाखाली शून्य नव्हतं. तिथं ठसठशीत एक होता.

३६०८५
२८८५१
३६८४०
०७८६०
३६७२५

हिवरवाडी हे पिंगळी आणि पूर्णा यांच्या मधलं गाव. इथल्या ज्ञानवेल विद्यालयात काशीनाथ सरांनी उभी हयात गणित शिकवलं आणि मागल्या वर्षी ते गेले. त्यांच्या आठवणीला पुतळा नको, तसबीर नको, त्यांची संख्याच काळ्या पाषाणात कोरून शाळेच्या दारात उभी करायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सरांची संख्या पंचवीस आकड्यांची. तिची गंमत अशी, की डावीकडून मोजत गेलं तर पहिल्या दोन आकड्यांना दोननं भाग जातो, पहिल्या तिनांना तीननं, चारांना चारनं, आणि हे असं थेट पंचविसापर्यंत. छत्तीसला दोननं, तीनशे साठला तीननं, तीन हजार सहाशे आठला चारनं. कुठं म्हणून बाकी उरत नाही. प्रत्येक आकड्याच्या जागेला सर 'घर' म्हणायचे. गावातल्या दोन पिढ्यांना ही घरं पाठ होती.

दहावं घर तर सगळ्यात सोपं. दहा आकड्यांना दहानं भाग जायचा, तर शेवटी शून्यच पाहिजे. नेमक्या त्याच घरात एक येऊन बसला होता.

"गेलं! सगळं मातीत गेलं!" गणिताचे परमेश्वर सर कपाळाला हात लावून ओरडले. "त्या पाथरवटानं घात केला. बाई, दुपारी अर्पिता मॅडम यायच्यात, विद्यापीठातल्या. त्यांच्यासमोर हे दाखवायचं? ट्रॅक्टर बोलवा, दगड आत्ताच्या आत्ता उचला. कार्यक्रम रद्द करू."

राजेश्रीबाईंनी फोन काढलाही होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "दगडाला कुणी हात लावायचा नाही."

आवाज चढा नव्हता, पण हात जागच्या जागी थांबले. धम्मशीला जोंधळे परभणीला फौजदार होती. आज ती गणवेशात नव्हती. सरांची विद्यार्थिनी म्हणून रजा टाकून आली होती, अंगावर निळी सुती साडी होती. ती पुढं आली, दगडासमोर उकिडवी बसली आणि त्या 'एका'कडं बराच वेळ बघत राहिली.

"परमेश्वर सर," ती म्हणाली, "ही चूक न्हाई. हे कुणीतरी केलंय."

२

भागवत पाथरवट शाळेच्या कुंपणाशी, निंबाच्या झाडाखाली बसला होता. दगडाचा कट्टा पक्का करायला म्हणून तो पूर्ण्याहून सकाळीच आला होता आणि येताक्षणी त्याच्या कानावर ही बातमी पडली होती.

"मॅडम, माझी इज्जत गेली," तो म्हणाला. "पूर्ण्याच्या मंदिराच्या पायऱ्यांचं काम माझ्याकडं हाय. आत्ता फोन आला, काम थांबवा म्हणं. तुमाला आकडे धड कोरता येत न्हाईत, तिथं देवाची नावं काय कोरणार, असं म्हणाले."

"इतक्यात तिथवर बातमी कशी गेली?"

"परमेश्वर सरांनी कळवलं म्हणं."

धम्मशीलेनं ते मनात ठेवलं आणि त्याला दगडापाशी नेलं. "भागवतराव, तुमी एक कसा कोरता? या मातीत काढून दाखवा."

त्यानं बोटानं काढला. वर एवढीशी वाटोळी गाठ, खाली लांब वळलेली शेपटी.

"आता शून्य काढा."

शून्य त्यानं मोठं काढलं, पुऱ्या उंचीचं, गरगरीत. मग त्यानं मातीतल्या आकड्यांकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. दगडावरच्या एकाची गाठ खालच्या ओळीतल्या शून्यांइतकीच मोठी होती. ते शून्यच होतं. त्याला नंतर शेपूट लावलं होतं.

"आई गं," भागवत पुटपुटला. "माझ्याच शून्याला शेपूट लावलं की कुणी!"

"दगडात कोरलेलं पुसता येत न्हाई, पण वाढवता येतं," धम्मशीला म्हणाली. "तुमची हत्यारं काल कुठं होती?"

"हितंच. वऱ्हांड्यात पेटी ठेवून गेलतो."

"आणि खाचांत पांढरं काय भरलंय?"

"तेलरंग. चांगला वाळलेला."

तिनं अंगठ्याचं नख एका आठावरून ओढलं. काही निघालं नाही. मग तेच नख शेपटीच्या खाचेतून फिरवलं. नखाखाली पांढरी पूड आली. तिनं ती दोन बोटांत चोळली. शाळेत शिकलेल्या माणसाला ती ओळखायला वास घ्यायची गरज नव्हती.

तो खडू होता.

३

राजेश्रीबाई मराठी शिकवत आणि बोलताना आडपडदा ठेवत नसत.

"मला हा दगड दारात नको होता, हे अख्ख्या गावाला माहीत आहे," त्यांनी सरळ सांगितलं. "झेंडावंदनाला पोरं उभी करायला जागा उरत नाही. पण मला खरंच नको असता, तर मी 'नाही' म्हटलं असतं आणि विषय संपला असता. माझ्या परवानगीशिवाय इथं वीट हलत नाही. मी छिन्नी घेऊन कशाला बसू?"

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"परभणीला, बोर्डाच्या बैठकीला. दुपारीच गेले, आज सकाळी आले. माझ्यासोबत आणखी तीन शाळांच्या बाई होत्या, विचारा." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "शिपाई सांगत होता, काल शाळा सुटल्यावर आदिनाथ बराच वेळ दगडापाशी एकटाच बसला होता. बापलेकांचं कधी पटलं नाही, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. काशीनाथ सरांचा मुलगा आदिनाथ जिंतूरला बियाण्यांचं दुकान चालवायचा. संख्येचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठी यायची. आताही तो गाडीच्या बॉनेटला टेकून एकटाच उभा होता.

"बसलो होतो," तो म्हणाला. "त्यात काय चोरी हाय? मी बारावीत गणितात नापास झालो तेव्हा आमचे बाबा विसाव्या घरात अडकलेले. महिनाभर त्यांनी मला विचारलं न्हाई, की पोरा, तू जेवलास का. त्या आकड्याला माझ्यापेक्षा जास्त लाड मिळाले."

"मग काल कशाला बसलास त्याच्यापुढं?"

आदिनाथनं एका दमात पंचवीसच्या पंचवीस आकडे म्हणून दाखवले, कुठंही न अडखळता. "एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. वाटलं, भावाला भेटून घ्यावं एकदा. सगळे आकडे बरोबर होते. दहाव्या घरात शून्य होतं, शपथेवर सांगतो."

"आता हा दगड काढायचा म्हणताहेत."

"काढू नका," तो ताडकन म्हणाला. "चूक असली तरी राहू द्या. बाबा काय देव होते का? पण तोडू नका."

बोलताना त्यानं हात वर केला आणि धम्मशीलेचं लक्ष तिथं गेलं. त्याच्या उजव्या अंगठ्याला जाडजूड पट्टी होती.

"हे काय लागलं?"

आदिनाथनं हात खिशात घातला. "काही न्हाई," म्हणाला आणि तोंड फिरवून चालू लागला.

४

सरांच्या पत्नी विमलाकाकू घरी स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी धपाटे लाटत होत्या. कार्यक्रम होणार की नाही याची खात्री नव्हती, पण हात थांबले नव्हते. धम्मशीला शेजारी पाटावर टेकली.

"काकू, आदिनाथच्या अंगठ्याला काय झालंय?"

"परवा माझ्या न्हाणीचा पत्रा बसवताना कापलं. टाके पडलेत. घास बी डाव्या हातानं खायलाय." काकूंनी तिच्याकडं पाहिलं. "तुला वाटलं, त्यानं केलं?"

"विचारायला लागतं, काकू."

"विचार की. तुझं कामच हाय ते. पण तो सांगता सोय न्हाई असा चिडतो आणि मग पत्रा बसवायला जिंतूरहून येतो. तसला हाय तो."

टाके पडलेल्या अंगठ्यानं छिन्नी धरून अशी सुबक शेपटी काढणं शक्य नव्हतं. धम्मशीलेनं आदिनाथला मनातून बाजूला केलं. "काकू, सर या संख्येबद्दल घरात काय बोलायचे?"

"बोलायचे काय, रोज तेच." काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मी एकदा विचारलं, पंचविसावरच का थांबलात? तर म्हणाले, सव्विसाव्या घरात तेरानं भाग जायला फक्त एक हा आकडा चालतो. पण सव्विसानं भाग जायचा तर शेवटी सम आकडा पाहिजे, आणि एक तर विषम. मग दार बंद. मला म्हणायचे, 'विमल, साऱ्या संख्येत एक कुठंच न्हाई बघ. शेवटी आला, तर त्याला बी उंबऱ्यातूनच परत लावला.'"

धम्मशीला उठली. परत येताना तिला परमेश्वर सर वर्गाबाहेर येरझाऱ्या घालताना दिसले. शाळेत ते तिच्या पुढं दोन वर्षं होते. काशीनाथ सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, पुढं त्यांच्याच खुर्चीवर आलेला. हा दगड उभा करायची कल्पनाही त्यांचीच. भागवतला आकडे लिहून देणारे तेच, अर्पिता मॅडमना पत्र पाठवणारेही तेच. या दगडासाठी त्यांनी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. अशा माणसावर संशय घ्यायला मन धजत नव्हतं.

"धम्मशीला, कशाला उकरत बसलीस?" ते कळवळून म्हणाले. "समज, कुणी खोडसाळपणा केला असेल. आता काय फरक पडतो? दगड काढू, लोक विसरतील. सरांचं नाव तरी राहील."

"दगड काढला तर लोक म्हणतील भागवतनं चूक केली."

"म्हणू देत. त्याचं काय एवढं? चार दिवसांनी त्याला दुसरं काम मिळेल."

"शेपूट बुजवून भागवतराव शून्य नीट करून देतो म्हणताहेत. मग अर्पिता मॅडम एकेक घर तपासून बघतील. सरांना तर ते आवडलं असतं."

परमेश्वर सरांचा चेहरा उतरला. "नको!" ते म्हणाले. "अगं, दहाव्यातच फसलंय म्हटल्यावर सतराव्यापर्यंत जायची गरजच काय कुणाला?"

एवढं बोलून ते वर्गात शिरले. धम्मशीला पायरीवर उभी राहिली. आज सकाळपासून जो भेटला त्याच्या तोंडी दहावं घर होतं, नाहीतर सगळी पंचवीस. सतराव्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

मग हे सतरावं घर मध्येच कुठून आलं?

५

ती निंबाखाली बसली, पर्समधल्या कोऱ्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले आणि भागाकाराला लागली. सरांनी शिकवलेली लांब पद्धत, एकेक आकडा खाली घेत जायची. फौजदारकीत भागाकार फारसा लागत नाही, पण हाताला सवय होती.

पहिले सतरा आकडे: ३६०८५२८८५०३६८४००७. सतरानं भागायचं. आठव्या आकड्याला बाकी शून्य झाली, मग पुन्हा वाढत गेली. सोळाव्या आकड्याला बाकी उरली एक. पुढचा सात खाली घेतला, सतरा झाले, सतरा एके सतरा. बाकी शून्य.

सतरावं घर चोख होतं. अठरावंही चोख. तिनं चिकाटीनं पंचवीसपर्यंत सगळं केलं. सरांची संख्या कुठंही डगमगत नव्हती.

म्हणजे सतराव्या घरात काही खोट नव्हती. तरीही परमेश्वर सरांना तिथं भीती वाटत होती. जी गोष्ट नाहीच, तिला माणूस कधी भितो? ती दिसल्यासारखी वाटली तर.

कुठं दिसली असेल?

धम्मशीला संगणकाच्या खोलीत गेली. कुणाची फाइल उघडायची तिला गरज नव्हती. तिनं एक नवा कोरा हिशेबाचा तक्ता उघडला, पहिल्या चौकोनात सरांचे पहिले पंधरा आकडे टाकले. जसेच्या तसे उमटले. सोळा टाकले. तेही बरोबर. मग सतरा टाकले आणि बटण दाबलं.

तिनं शेवटी सात टाकला होता. चौकोनात शून्य उमटलं.

तिनं पुन्हा टाकला. पुन्हा शून्य. यंत्र पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य करून टाकत होतं, आणि त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हतं. सोळाव्या घरात सरांचं मुळातच शून्य होतं, म्हणून तिथं कुणाला काही कळलं नसतं. सतराव्यात मात्र साताचं शून्य झालं, आणि त्याला सतरानं भाग गेला नाही. अठरा आकडे टाकले, तर तिथंही बाकी उरलेली.

धम्मशीला खुर्चीत मागं रेलली. कालची संध्याकाळ तिला डोळ्यांसमोर दिसत होती. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कुणीतरी कौतुकानं पंचवीस भागाकारांचा तक्ता करायला बसला होता. सोळापर्यंत सगळं सुरळीत गेलं, आणि सतराव्याला त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

तिनं दार उघडून हाक मारली, "परमेश्वर सर, जरा आठवीच्या वर्गात या. काकूंना आणि भागवतरावांना बी घेऊन या."

६

वर्ग रिकामा होता. पोरं मैदानात होती. राजेश्रीबाई आणि आदिनाथ दाराशी उभे राहिले. काकू पहिल्या बाकावर बसल्या, आणि भागवत बसेना म्हणून त्यांनीच त्याला शेजारी बसवलं.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," धम्मशीला म्हणाली. "ज्यानं शून्याला शेपूट लावलं त्याला सरांची बदनामी करायची नव्हती. करायची असती तर त्यानं आडबाजूचा आकडा बिघडवला असता, पाहुण्यांनी तो शोधून काढला असता आणि सगळे म्हणाले असते सरांचंच चुकलं. यानं दहावं घर निवडलं. का? तिथली चूक बघताक्षणी दिसते. आणि इतकी उघडी चूक काशीनाथ सर करणार न्हाईत, हे गावात कुणीही सांगेल. मग बोट जातं कोरणाऱ्याकडं. म्हणजे ही चूक दिसावी, लवकर दिसावी आणि ती भागवतरावांच्या नावावर पडावी, अशा बेतानंच केलेली होती. दगड जाईल, कार्यक्रम जाईल, आणि पुढची घरं कुणी तपासणार न्हाई."

परमेश्वर सर खिडकीबाहेर बघत होते.

"शेपटीत भरलेला खडू शाळेतला. राजेश्रीबाई काल परभणीत होत्या. आदिनाथचा अंगठा शिवलेला. आणि सतराव्या घराचं नाव आज एकाच माणसानं घेतलं." तिनं टेबलावरचा खडू उचलला आणि पुढं केला. "सर, सतराव्या घराचा भागाकार करून दाखवता का? हातानं."

"कशाला छळतेस मला?" ते म्हणाले.

"करा तर खरं."

परमेश्वर सरांनी खडू घेतला. फळ्याकडं वळले. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं होतं, आज आकडे वेडेवाकडे उमटत होते. वर्गात फक्त खडूचा आवाज होता. छत्तीसमधून चौतीस गेले, उरले दोन. एकेक आकडा खाली येत होता. सोळाव्या आकड्यापाशी त्यांचा हात थांबला. बाकी एक. त्यांनी सात खाली घेतला.

सतरा.

ते त्या सतराकडं बघत राहिले. मग त्याखाली सतरा लिहिले, रेघ मारली आणि रेघेखाली शून्य काढलं. वर भागाकार उभा होता: २१२२६६४०२९६२८४७१. त्यांनी तो उलटा गुणून पाहिला. पुन्हा पाहिला. मग ते खडू हातात धरूनच फळ्याला टेकून खाली बसले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "सरांचं बरोबर हाय."

"यंत्र पंधराच आकडे धरतं, सर. पुढचे खातं."

"मी वर्षभर गावोगाव सांगत फिरलो. काल तक्ता केला आणि सतराव्यापासून सगळं तुटायलाय. सर असते तर त्यांना विचारलं असतं. सर न्हाईत. म्हटलं, उद्या मॅडम चारचौघांत बोट ठेवणार आणि लोक सरांना हसणार. त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा मला हसावं," भागवत शांतपणे म्हणाला.

परमेश्वर सरांनी मान खाली घातली.

"हातानं का न्हाई केलं काल?" धम्मशीलेनं विचारलं. "पाच मिनिटांचं काम होतं."

"हातानं बी तेच आलं असतं तर?" ते म्हणाले. "तेवढी हिंमत न्हाई झाली."

काकू उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "परमेश्वर, तू माझ्या पोरासारखा. पण माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव राखायला तू या जित्या माणसाचं नाव खाल्लंस. ते असते ना, तर त्यांनी चुकलेली संख्या घेऊन सगळ्या गावाला पेढे वाटले असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या घरापासून बसले असते. एवढी वर्षं तू त्यांच्या पायाशी बसून हेच शिकलास?"

दाराशी उभ्या आदिनाथनं डोळ्यांवरून डावा हात फिरवला आणि तो बाहेर निघून गेला.

"काकू, तक्रार द्यायची का?" धम्मशीलेनं विचारलं.

"मला कशाला विचारतेस? यांचं नुकसान झालंय, यांना विचार."

सगळ्यांच्या नजरा भागवतकडं वळल्या. "तक्रार न्हाई करायची," तो म्हणाला. "पण सरांनी फोनवर जे सांगितलं, ते फोनवर परत घेऊन चालायचं न्हाई. माझ्यासंगं पूर्ण्याला यायचं आणि मंदिराच्या पंचांसमोर उभं राहून बोलायचं. कार्यक्रमाच्या आधी."

७

परमेश्वर सरांची मोटारसायकल पूर्ण्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मागं भागवत बसलेला होता. दोघं एकमेकांशी काय बोलले कुणाला कळलं नाही. पण परत आले तेव्हा भागवतच्या पिशवीत मंदिराकडून मिळालेला नारळ होता, आणि परमेश्वर सरांचे डोळे सुजलेले होते.

तोवर अर्पिता मॅडम येऊन बसल्या होत्या. तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि काकूंचा तिसरा धपाटा खात होत्या. धम्मशीलेनं त्यांना सगळी हकिकत सांगितली. खरं सांगावं की नाही, यावर तिनं क्षणभरही विचार केला नव्हता.

"अहो, पण मी तर पत्रातली संख्या वाचूनच यायला तयार झाले!" मॅडम म्हणाल्या. "या जातीची याहून लांब संख्याच नाही जगात. आम्ही ती यंत्रावर काढलेली वाचतो. एका माणसानं एका खेड्यात बसून ती हातानं, घर मोजत मोजत काढली, हे मला बघायचं होतं. त्यांनी सरळ मला विचारलं असतं तरी..."

"विचारायला भीती वाटते, मॅडम," धम्मशीला म्हणाली. "माणूस मोठा असला की जास्तच."

भागवतनं दगडाची बारीक पूड डिंकासारख्या मसाल्यात कालवून शेपटीची खाच बुजवली, वर कानस फिरवली, आणि जवळ जाऊन बघणाऱ्यालाच कळेल इतकं ते एकजीव झालं. परमेश्वर सर त्याला पाण्याचं भांडं धरून बसले होते. गाव जमलं तेव्हा तेच आधी उभे राहिले. माईक न घेता, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी काल काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. राजेश्रीबाईंनी त्यांच्याकडून तिथल्या तिथं गणिताचे तास काढून घेतले नाहीत, पण पुढचं वर्षभर शाळेतल्या कुठल्याही समारंभात त्यांनी पुढाकार घ्यायचा नाही, असं बजावलं. परमेश्वर सरांनी होकारार्थी मान हलवली.

कापड काकूंनी काढलं. पोरांनी पाचही ओळी म्हटल्या. मग अर्पिता मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्या रांगेकडं बघून विचारलं, "सरांच्या घरातलं कुणी दोन शब्द बोलेल का?"

सगळ्यांना वाटलं काकू उठतील. उठला आदिनाथ. दगडापाशी जाऊन उभा राहिला, घसा खाकरला, आणि गर्दीत धम्मशीलेला शोधून तिच्याकडं बघत म्हणाला, "मला गणित येत न्हाई. पण बाबांनी विसावं घर कसं सोडवलं, ते मी बघितलंय. बसा, सांगतो."